दोन सूत्रांनी दुजोरा दिलेला लॅपटॉप

गेल्या दसऱ्याच्या संध्याकाळी, विरार पश्चिमेला बोळिंजमधल्या आमच्या फ्लॅटमध्ये, नव्या लॅपटॉपवर विंडोज आणि लिनक्स या दोन्ही प्रणाली चालू झाल्या. इंटरनेट मात्र एकीवरच चालू झाले. दुसऱ्या दिवशी सकाळी मला ते दुसरीवर लागणार होते.

घटनेत कोणी जखमी झाले नाही. कीबोर्डमध्ये तांदळाचा एक दाणा सापडला. लॅपटॉपच्या झाकणावर कुंकवाचे स्वस्तिक होते, ते अजून आहे.

पार्श्वभूमी अशी. मी एका वर्तमानपत्रात उपसंपादक होते. तिथले आमचे डेस्क बंद झाले. (टेबल नेले, खुर्च्या नेल्या, मग आम्हाला कळवले.) त्यानंतरचे वर्ष मी घरी बसून दुधाच्या पिशवीवरच्या मजकुरातल्या चुका काढल्या आणि त्या मोठ्याने वाचून दाखवल्या. अशात शाळेची पुस्तके तयार करणाऱ्या एका कंपनीत मजकूर तपासण्याचे काम निघाले, तेही घरून करायचे. पुस्तकांची पाने लावायचे सॉफ्टवेअर फक्त विंडोजवर चालते आणि चुका टिपणारे कंपनीचे स्वतःचे साधन फक्त लिनक्सवर. म्हणून अट होती: लॅपटॉप स्वतःचा हवा, दोन्ही प्रणाली त्यावर हव्यात, आणि दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी व्हिडिओ कॉलवर त्या चालवून दाखवायच्या. जमले तर काम माझे, नाही तर पुढच्या उमेदवाराचे. मला ते काम हवे होते. ते मला मिळावे, अशी दुधाच्या पिशवीला कंटाळलेल्या घरच्यांचीही इच्छा होती.

लॅपटॉप मी स्वतः निवडायचा ठरवला. विचारून, तपासून, खात्री करून. कोणी तरी सांगितले म्हणून वस्तू घेणाऱ्यांपैकी मी नाही, हे मी त्या दिवसांत अनेकांना सांगितले.

पहिली अडचण तिथीची आली.

"पितृपक्ष आहे," आई म्हणाल्या. आई म्हणजे माझ्या सासूबाई, मूळच्या देवगडच्या. "या पंधरवड्यात घरात नवीन वस्तू येणार नाही."

"आई, मी घेत नाहीये. चौकशी करतेय."

"चौकशी कर की. चौकशीला सुतक नसतं."

तेव्हा पंधरवडा चौकशीत गेला. विरार स्टेशनजवळच्या एका दुकानात एक मॉडेल नजरेत भरले. वजनाला हलके, कीबोर्ड चांगला, पडदा डोळ्यांना सोसणारा. विंडोज त्यावर आधीपासून होते. लिनक्स बसवता येईल का आणि बसवल्यावर वायफाय चालेल का, हा प्रश्न होता. (नव्या लॅपटॉपमधला वायफायचा भाग लिनक्स दर वेळी ओळखतेच असे नाही, एवढे मी वाचले होते.)

"सगळं चालतं, मॅडम," दुकानदार म्हणाला. "लिनक्स चालतं, गेम चालतो, मुलांचा अभ्यास चालतो."

विक्रेता हा हितसंबंधी पक्ष असल्यामुळे त्याचे विधान धरले नाही. त्या रात्री जेवताना माझे नवऱ्याशी, मकरंदशी, या विषयावर बोलणे झाले. त्यापलीकडे घरात चर्चा केली नाही. घरच्यांच्या मतांचा चौकशीवर परिणाम होऊ नये, हा हेतू होता.

डेस्कवर आमचा एक नियम होता. एका सूत्रावर बातमी लावायची नाही. दोन हवीत, आणि ती एकमेकांपासून स्वतंत्र हवीत. तोच नियम मी लॅपटॉपला लावला.

पहिले सूत्र प्रसाद. हा मकरंदचा मामेभाऊ, ऐरोलीत कॉम्प्युटरच्या कंपनीत आहे.

"वहिनी, त्या मॉडेलवर लिनक्स चालतं. डोळे झाकून घ्या."

"वायफायसकट?"

"वायफायसकट."

"तू वापरलंयस?"

"मी नाही वापरलं. पण चालतं. पक्की खबर आहे."

दुसरे सूत्र लोपीस सर. हे आमच्या खालच्या मजल्यावर राहतात, वसईजवळच्या होळी गावचे मूळ रहिवासी, शाळेत विज्ञान शिकवून निवृत्त झालेले. त्यांची वाडी अजून होळीला आहे आणि तिथली सुकेळी, म्हणजे उन्हात सुकवलेली केळी, वर्षातून एकदा आमच्याकडे येतात. सर न बघता बोलत नाहीत, असा त्यांचा लौकिक आहे.

"माझ्या माहितीप्रमाणे चालतं," सर म्हणाले.

"माहिती कुठली, सर?"

"विश्वासू माणसाची आहे."

मी नाव विचारले नाही. (सूत्राला त्याचे सूत्र विचारू नये, असा संकेत आहे. तो कोणी घातला हे मला आता आठवत नाही.) मात्र दोन्ही सूत्रे स्वतंत्र आहेत ना, हे मी तपासले.

"सर, ऐरोलीच्या प्रसादला ओळखता का?"

"कोण प्रसाद?"

प्रसादलाही विचारले. त्याने लोपीस सरांचे नाव पहिल्यांदाच ऐकले होते. एक ऐरोलीत, एक बोळिंजमध्ये. एक तरुण, एक निवृत्त. दोघांचे शब्दही जवळजवळ तेच होते, आणि मला ते विशेष खात्रीचे वाटले. त्याच दिवशी मी कंपनीला ईमेल केला: अमुक मॉडेल घेत आहे, त्यावर दोन्ही प्रणाली वायफायसह चालतात, दोन स्वतंत्र सूत्रांकडून खात्री केली आहे. कंपनीतल्या शाल्मली नावाच्या मुलीचे उत्तर आले, छान, नोंद घेतली.

दुकानात तो पीस यायला नवरात्र बरेचसे सरले. अष्टमीच्या संध्याकाळी लॅपटॉप घरी आला.

"पटला नाही तर हप्त्याच्या आत आणा, बदलून देतो," दुकानदाराने सांगितले होते. "पण पीस जसा नेला तसा पाहिजे."

मी खोका उघडला, लॅपटॉप चार्जिंगला लावला आणि सकाळी उठून लिनक्स बसवायचे असे ठरवून झोपले. सकाळी उठले तेव्हा तो जागेवर नव्हता. तो देवांसमोर पाटावर होता. एका बाजूला विळी आणि पोळपाट-लाटणे, दुसऱ्या बाजूला मकरंदचा पाना, शिवणाची कात्री आणि माझे डेस्कवरचे लाल पेन. लॅपटॉप उघडा होता. कीबोर्डवर हळद-कुंकू, अक्षता, झेंडूचे एक फूल. झाकणाच्या पाठीवर तेलात कालवलेल्या कुंकवाचे ठसठशीत स्वस्तिक. खोक्यावर आणखी एक.

"आज खंडेनवमी," आई म्हणाल्या. "अवजारांची पूजा. आज कशाला हात लावायचा नाही. उद्या आरती झाली की उचल."

"आई, ते अजून अवजार झालेलं नाही. त्याच्यावर मी काहीच काम केलेलं नाही."

"मग कामाच्या आधी पूजा झाली. उलट बरं."

"निदान झाकण तरी मिटू दे."

"तोंड झाकून कोणाची पूजा करतात का?"

मकरंद आंघोळ करून बाहेर आला. मी त्याच्याकडे पाहिले.

"मला विचारू नकोस," तो म्हणाला. "माझा पानाही आत आहे."

त्या दिवशी घरात कसलेच काम झाले नाही. विळी पूजेत होती म्हणून भाजी चिरली गेली नाही, पोळपाट पूजेत होता म्हणून पोळ्या झाल्या नाहीत. सर्वांनी वरणभात खाल्ला. मी दिवसभर लिनक्स बसवण्याची कृती फोनवर वाचून पाठ केली. चाचणीपूर्वीचा एक दिवस गेला होता, पण एक शिल्लक होता, आणि मी तो पुरवणार होते.

दसऱ्याला आरती झाली. मी लॅपटॉप उचलला, फडक्याने पुसला आणि लिनक्सचा पेनड्राइव्ह लावला. तो वाचला जावा म्हणून लॅपटॉप चालू होताना वरच्या ओळीतले एक विशिष्ट बटण दाबून धरावे लागते. ते बटण दाबले जात नव्हते. बाकी सगळी दाबली जात होती.

"अक्षता गेली असणार आत," मकरंद म्हणाला.

लॅपटॉप उलटा धरून झटकला. झेंडूची पाकळी पडली. पुन्हा झटकला. हळद पडली. मकरंदने पाना आणला. तो त्याच्या हातून काढून घेतला आणि मी केसातला आकडा वापरला. बऱ्याच प्रयत्नांनी बटणाच्या कडेतून तांदळाचा दाणा बाहेर आला, अखंड.

"फेकू नकोस," आई स्वयंपाकघरातून म्हणाल्या. "तुळशीत घाल."

दाणा तुळशीत घातला. बटण दाबले गेले. दुपारभर मी पडद्यासमोरून उठले नाही. विंडोजला धक्का न लावता शेजारी लिनक्सला जागा करून द्यायची असते. चुकीच्या ठिकाणी होय म्हटले तर विंडोज पुसले जाते. प्रत्येक प्रश्न मी मोठ्याने वाचत होते आणि सगळे घर श्वास रोखून बसत होते. संध्याकाळी काळ्या पडद्यावर दोन नावे एकाखाली एक आली. वरचे उघडले, लिनक्स चालू. खालचे उघडले, विंडोज चालू.

"झालं?" आईंनी विचारले.

"झालं."

त्यांनी देवापुढे साखर ठेवली. लोपीस सर सुकेळी घेऊन सोने द्यायला आले होते, त्यांना श्रीखंड-पुरी दिली. मी पुन्हा लिनक्स उघडून वायफायची खूण शोधली. खूण नव्हती. विंडोजमध्ये आमचे वायफाय दिसत होते, शेजाऱ्यांचे दिसत होते, समोरच्या इमारतीतल्या पाळणाघराचेही दिसत होते. लिनक्समध्ये बोळिंज निर्जन होते.

मी प्रसादला फोन लावला आणि स्पीकर चालू केला.

"प्रसाद, लिनक्समध्ये वायफाय चालत नाहीये."

"काय सांगता वहिनी? पण ते तर चालतं."

"कोण म्हणालं?"

"दादाच म्हणाला ना. मकरंददादा. पितृपक्षात फोन केला होता त्याने. म्हणाला, त्या मॉडेलवर चालतं, पक्कं आहे."

मी मकरंदकडे पाहिले. सोफ्यावर लोपीस सरांचा पुरीचा हात मध्येच थांबला होता.

"सर," मी म्हणाले, "तुमचा तो विश्वासू माणूस कोण?"

सरांनी चमच्याने मकरंदकडे दाखवले. "आम्ही राजोडीच्या किनाऱ्यावर फिरायला गेलो होतो ना रविवारी. सुरूच्या झाडांखाली बसलो होतो, तेव्हा हाच म्हणाला."

"आणि मकरंद, तुला कोणी सांगितलं?"

"तू."

"मी?"

"जेवताना. मी विचारलं, त्यावर लिनक्स चालतं का? तू म्हणालीस, चालायला हरकत नसावी."

"पण मला खात्री नाही, असंही म्हणाले होते. वायफायचं बघायला हवं, असंही."

"हे कधी म्हणालीस?"

"त्याच वाक्यात."

मकरंदने आठवून पाहिले. "तेव्हा तोंडात शेवग्याची शेंग होती," तो म्हणाला. "माझं लक्ष तिच्यात होतं."

"वहिनी, मी ठेवू का फोन?" प्रसादने विचारले. मी निष्कर्ष जुळवत होते. तो तसाच थांबला.

चौकशीचा निष्कर्ष असा: दोन्ही सूत्रे एकमेकांना ओळखत नव्हती, हे खरे होते. दोन्ही मला ओळखत होती.

लॅपटॉप बदलून आणायचा, असे मी त्याच क्षणी ठरवले. मकरंदला स्कूटरवर बसवले आणि दुकान बंद व्हायच्या आत स्टेशनजवळ पोहोचले. दुकानाला तोरण होते, गर्दी होती. दुकानदाराने लॅपटॉप पिशवीतून काढला, झाकणाची पाठ पाहिली आणि आधी नमस्कार केला.

"मॅडम, याची पूजा झालीय."

"हो, पण चालत नाहीये तो."

"चालतोय ना. लाइट लागलाय. जसा नेला तसा पाहिजे, असं बोललो होतो. हा तर देवाला दाखवलेला पीस आहे."

"मी पुसून देते."

"पुसू नका हो, दसऱ्याच्या दिवशी," तो कळवळून म्हणाला. "आणि तुम्ही पुसलं तरी मला माहीत आहे ना."

मागे रांगेत उभ्या असलेल्या एका बाईंनी त्याच्या म्हणण्याला दुजोरा दिला. आम्ही परत आलो. लोपीस सर अजून बसले होते आणि प्रसाद अजून फोनवर होता. आई त्याला नोकरीबद्दल विचारत होत्या.

"वहिनी," प्रसाद म्हणाला, "एक करा. फोन केबलने लॅपटॉपला जोडा. फोनमध्ये एक सेटिंग असतं, ते चालू केलं की फोनचं इंटरनेट केबलमधून लॅपटॉपला मिळतं. लिनक्सलाही."

"हे तुला कोणी सांगितलं?"

"मी रोज करतो, वहिनी. आईशप्पथ."

हे प्रत्यक्षदर्शी सूत्र होते. शिवाय पर्याय नव्हता. माझा फोन जोडला. त्याचे केबलचे तोंड सैल झालेले आहे. चार्ज होतो, पण त्यातून इंटरनेट जात नाही. मकरंदचा जोडला, चालले. पण मकरंद सकाळी तो घेऊन ऑफिसला जाणार होता. राहिला आईंचा. तो माझ्या नणंदेने घेऊन दिलेला, नवा. जोडला. लिनक्समध्ये पहिल्यांदाच जग दिसले.

"आई, उद्या सकाळी तुमचा फोन लागेल."

"घे की. पण सकाळी सुमनचा फोन येतो, तो मी उचलणार."

सुमनमावशी ही त्यांची देवगडची बहीण. ती रोज सकाळी फोन करते आणि न उचलल्यास शेजाऱ्यांना करते.

"उचला. फक्त केबल काढू नका."

केबल वीतभर होती. त्यामुळे दुसऱ्या दिवशी चाचणीला मी टेबलाशी बसले आणि आई माझ्या डाव्या हाताला, कॅमेऱ्यात दिसणार नाहीत अशा बेताने, मांडीवर फोन आणि ताटात मेथीची जुडी घेऊन बसल्या. त्यांनी हलायचे नाही, असे ठरले.

शाल्मली पडद्यावर आली. पंचविशीतली, पुण्याची, कामाला चोख. विंडोजमध्ये पाने उघडून दाखवली. ठीक. लॅपटॉप बंद करून लिनक्समध्ये चालू केला, कॉलवर परत आले. ठीक. कंपनीचे साधन उघडले, पाचवीच्या पुस्तकाचा एक धडा त्यात घातला. साधनाने टिपलेल्या चुका मी तपासल्या आणि त्याने न टिपलेल्याही दाखवल्या. शाल्मली मान डोलावत होती. तेवढ्यात आईंच्या मांडीवर गणपतीची आरती वाजली. ती त्यांची रिंगटोन आहे.

"हॅलो सुमन," आई हलक्या आवाजात म्हणाल्या. "मेथी निवडतेय गं. हो, सुनेत्राची परीक्षा चाललीय. हलता येत नाही. नाही नाही, तिला नाही, मला."

"ताई, तिथे कोणी बोलतंय का?" शाल्मलीने विचारले.

"शेजारून आवाज येतोय," मी म्हणाले. हे तथ्याला धरून होते.

आईंनी फोन आटोपता घेतला. शाल्मलीने कागद आवरले.

"सगळं छान झालं, ताई. वायफायपण मस्त चाललंय लिनक्सवर. तुम्ही ईमेलमध्ये कळवलं होतं ना, दोन ठिकाणी खात्री केलीय म्हणून? त्यावरून आम्ही बाकीच्या नव्या लोकांनाही हेच मॉडेल घ्यायला सांगणार आहोत. आज दुपारी कळवतेय. चालतं ना नक्की?"

आईंनी मला कोपराने ढोसले. "हो म्हण," त्या ओठांतल्या ओठांत म्हणाल्या.

हो म्हटले असते तर काम तिथेच मिळाले असते. मी कंपनीला लिहिलेले वाक्य मला आठवत होते, त्यातल्या स्वल्पविरामांसकट.

"नाही," मी म्हणाले. "वायफाय चालत नाही. मी कळवलेली माहिती चुकीची होती. कोणाला कळवू नका."

शाल्मलीने कागद पुन्हा उघडले. "मग आत्ता इंटरनेट कशावर चाललंय?"

"सासूबाईंवर."

आता लपण्यात अर्थ नाही हे ओळखून आई वाकून कॅमेऱ्यासमोर आल्या आणि मेथीच्या हातांनी नमस्कार केला. मध्ये केबल दिसत होती.

"आणि ताई, ती दोन स्वतंत्र सूत्रं?"

"दोन्ही मीच होते."

शाल्मलीने आपला कॅमेरा बंद केला. तो का बंद केला, हे कळू शकले नाही. थोड्या वेळाने नुसता आवाज आला, "दुपारपर्यंत कळवते, ताई." आणि कॉल संपला.

"मी सांगितलं होतं, हो म्हण," आई म्हणाल्या. मग आम्ही दोघींनी मिळून उरलेली मेथी निवडली. एरवी मी निवडलेल्या मेथीत त्या काड्या शोधतात. त्या दिवशी शोधल्या नाहीत.

दुपारी ईमेल आला. काम मला मिळाले होते. पहिले कामही सोबत जोडलेले होते: नव्या लोकांना पाठवायच्या सूचनेतला लॅपटॉपविषयीचा परिच्छेद दुरुस्त करून देणे.

"मग?" आईंनी विचारले. "मिळालं ना काम? चालतं ना आता त्या लॅपटॉपवर सगळं?"

"मिळालं. आणि सगळं चालतं, पण लिनक्सला…"

आरती वाजली. सुमनमावशीचा दुसरा फोन होता. आई आनंदाने तो घेऊन गॅलरीत गेल्या.

सध्याची स्थिती अशी आहे. विंडोजचे काम मी केव्हाही करते. लिनक्सचे काम आई दुपारी झोपल्यावर, त्यांचा फोन जोडून करते. एक छोटा डोंगल लावला की लिनक्समध्येही वायफाय येते, असे मला दोघांनी सांगितले आहे. तिसऱ्याचा शोध चालू आहे.

गेल्या आठवड्यात लोपीस सरांनी मुलीसाठी लॅपटॉप घेतला. तिलाही लिनक्स लागते. मॉडेल तेच, दुकान तेच. वायफाय त्यावर आता चालते, असे त्यांना आईंनी लिफ्टमध्ये सांगितले होते.

आईंना कोणी सांगितले, ते मी विचारले.

"तूच," त्या म्हणाल्या.